एक बोट टाच

वहिनी माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. आधी पायांकडे बघत आणि पायांत जे काही असेल त्यावर चिडत. मग नजर वर येई, ती रागावलेलीच. त्यामुळे तुर्भ्याच्या आमच्या व्यायामशाळेत शिरणारा प्रत्येक जण, भले त्याचे दंड माझ्या मांडीएवढे असोत, दारातच एकदा चोरून आपल्या पायांकडे बघून घ्यायचा.

व्यायामशाळा म्हणजे मार्केटच्या मागची पत्र्याची शेड. येणारे बहुतेक जण माथाडी. वहिनींचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, तेही कांदा-बटाटा मार्केटात पोती उचलायचे. दोघं कोरेगावकडची. लग्नाआधी वहिनी कॉलेजात वेटलिफ्टिंग करायच्या. लग्नानंतर वजनं सुटली, ती थेट नव्वदीच्या दशकात तुर्भ्याला परत हातात आली. दुपारी मार्केटची माणसं घरी जाऊन आडवी झाली की शेड रिकामी पडे. संध्याकाळी दादांना बोलवायला वहिनी दारात यायच्याच, पण वजनं उचलायला यायच्या त्या दुपारी, दादांची जुनी ट्रॅकपँट आणि वर सैल कुडता घालून. दुपारीच येणारा दुसरा प्राणी मी. मी एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये पहिल्या पाळीला होतो. दुपारी मोकळा व्हायचो आणि माझं पोट चारचौघांसमोर न्यायची माझी हिंमत नव्हती.

पहिल्याच दिवशी मी वाशीहून घेतलेले नवेकोरे बूट घालून गेलो. पळण्यासाठी असतात तसले. टाचेत हवा भरलेली, चालताना आपण नसून दुसराच कुणी तरबेज माणूस चालतोय असं वाटायचं. वहिनींनी बूट बघितले आणि बारकडे बोट दाखवलं. मी बार खांद्यावर घेतला, खाली बसायला गेलो, टाच एकीकडे दबली, मी दुसरीकडे कललो आणि बारसकट मागच्या रॅकला जाऊन टेकलो. लागलं फार नाही, पण त्या अवस्थेतून मला बाहेर काढताना वहिनी जे बोलल्या ते जास्त लागलं.

"भावजी, तुमचे दादा पोतं उचलताना गादीवर उभं राहत्यात का?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला गादी बांधून आलात पायाला? झोपायला आलाय व्हय इथं?"

त्यांचं शास्त्र साधं होतं. वजनाखाली जमीन हलता कामा नये, आणि बुटाचा तळ हीसुद्धा जमीनच. टाच टणक हवी. मागे पाय बुटात हलता कामा नये, पुढे बोटं मात्र पसरायला हवीत. "कोंबडी कशी उभी राहती बघा, बोटं पसरून. तिला कुणी टोकदार बूट घातलाय का?" हे सांगतानाही आवाज असा, की कोंबडीला टोकदार बूट घालायचा कट मीच केलाय.

सगळ्यात जास्त चिडायच्या त्या टाचेच्या उंचीवरून. मला नीट खाली बसता यायचं नाही. अर्ध्यावर गेलो की टाचा उचलल्या जायच्या. मी कुठूनतरी ऐकून आलो होतो, की उंच टाचेचा बूट घातला की हा प्रश्न सुटतो. वहिनींनी मला विचारलं, "घरी संडास कसला आहे?"

परस्त्रीनं असं विचारावं! पण उत्तर दिलं. नेरुळच्या सोसायटीत कमोड होता.

"तरीच. खुर्चीवर जेवायचं, खुर्चीवर काम, आणि तिथंपण खुर्ची. घोटे लाकडाचे झाले की मग टाच लाकडाची लागती." असं म्हणून त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. टाचा सपाट जमिनीवर, पाठ ताठ. तांदूळ निवडायला बसल्यासारख्या, फक्त डोक्यावर बार. "मला एक बोट टाच बास झाली. तुम्हाला दोन बोटं लागंल. पण आधी बसायला शिका, मग बोटं मोजा."

मी शिकायला लागलो. स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या कपाटाची मूठ धरून. तिसऱ्या प्रयत्नात मूठ हातात आली, मी मागे कोलमडलो आणि वर कपाटाचं दार माझ्या अंगावर आलं. खालच्या मजल्यावरचे काका धावत वर आले. त्यांना काय सांगणार? मी म्हणालो, "उकिडवं बसत होतो." ते नंतर कितीतरी दिवस जिन्यात भेटले की मला फार हळुवारपणे बोलायचे.

वहिनींचं सगळंच बरोबर असे असंही नाही. जगातल्या यच्चयावत दुःखाचं खापर त्या पादत्राणांवर फोडायच्या. माझी दाढ दुखली तेव्हा म्हणाल्या, बूट बदला. डॉक्टरांनी दाढ काढली हे सांगितल्यावर म्हणाल्या, "आधी बूट काढायचे होते." शेडचा पत्रा वाऱ्यानं उडाला, तर ठोकणारा स्लीपर घालून वर चढला होता, मग उडंल न्हाईतर काय!

आणि गंमत अशी, की एवढी बुटांवर बोलणारी बाई स्वतः पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत वजन उचलायची. शाळेच्या कवायतीला घालतात ते. तळ पातळ, टाच नाहीच, आणि बोटांना जागा मिळावी म्हणून दोन्ही बाजूंनी ब्लेडनं कापलेले. कारण खरे वेटलिफ्टिंगचे बूट बायकांच्या मापात कुठे मिळतच नव्हते. एकदा मीही त्यांच्याबरोबर वाशीच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि पुढे केले गुलाबी पट्ट्याचे मऊ बूट.

"भाभी, लेडीज में ये वॉकिंगवाला बहोत चलता है."

वहिनींनी टाचेत अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "अंगठ्यानं दबतंय, मग माझ्यानं न्हाई दबणार?"

मग त्यानं पुरुषांचे काढले. सगळ्यात लहान जोड त्यांना दोन मापं मोठा होता. तरी वहिनींनी तो घातला, फीत आवळली आणि दुकानाच्या मधोमध, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, खालपर्यंत उकिडव्या बसल्या. टाच बुटातून वर सरकली.

दुकानदार घाबरला. "भाभी, बैठने के लिए स्टूल है ना!"

"स्टूलवर बसून कोण वजन उचलतंय?" वहिनी खालूनच कडाडल्या. "बायकांना पायच नसत्यात असं वाटतंय का तुम्हाला लोकांना?"

मी तोवर सॅंडलच्या मांडणीआड गेलो होतो.

माझी गोष्ट वेगळी होती. मी पुरुष होतो, पगार माझ्या एकट्याच्या खिशात होता, त्यामुळे मला स्वतःचे बूट शिवून घ्यायची अक्कल आणि सोय दोन्ही आहे असं मला वाटायचं. सोय होती, अक्कल नव्हती. चांभाराकडे माप द्यायला गेलो तो लोकरीचे दोन जोड मोजे घालून, कारण पैलवान लोक जाड मोजे घालतात अशी माझी समजूत. पाय आधीच आमच्या घराण्यात सगळ्यात लहान, तयार बूट घ्यायचो तेही शाळकरी मुलांच्या मापातले. बूट आले ते लांबीला बेताचे, पण पुढून ऐसपैस, पसरट. आत माझा पाय धर्मशाळेत उतरल्यासारखा. टाच मात्र दणदणीत, लाकडाचे थर, खाली रबर. दोन बोटं पुरली असती, मी अडीच सांगितली होती. त्या वरच्या अर्ध्या बोटाचा वजनाशी संबंध नव्हता, माझ्या उंचीशी होता. वहिनींनी एका नजरेत ओळखलं. "हे वजन उचलायला शिवलेत का पोरगी बघायला जायला?"

अशात शेडच्या फळ्यावर सूचना लागली. जवळच्या मैदानात वेटलिफ्टिंगची स्पर्धा, महिला गटसुद्धा, आणि प्रत्येक गटात पहिल्याला बक्षीस वेटलिफ्टिंगचे बूट. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या सेक्रेटरींनी, जे कायम सफारीत असत, स्वतः येऊन ती वाचून दाखवली. वहिनींनी विचारलं, "आमच्या मापात?" सफारी म्हणाले, "व्यवस्था होईल." त्या दिवसापासून वहिनी वजनावर अशा तुटून पडल्या, की मला वाटलं बारच माफी मागेल. कप नको, फोटो नको, हार नको. बूट पाहिजे होते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मांडवात बुटांची तपासणी झाली. पंचांनी वहिनींचे कॅनव्हासचे बूट उलटेपालटे केले, कापलेल्या भागातून आपलं बोट बाहेर काढून दाखवलं आणि म्हणाले, "फाटके चालणार नाहीत."

"फाटलेले न्हाईत. कापल्यात."

"तेही चालणार नाहीत. अनवाणीही नाही. दुसरे आणा."

दादा मार्केटातून सुटले नव्हते. वहिनींचं नाव पुकारायला थोडाच वेळ उरला होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, म्हणजे खाली पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्या पायांवर येऊन थांबली.

"काढा."

"वहिनी, माझा गट संध्याकाळी..."

"काढा वो!"

घातले. आणि मी थक्क झालो. माझ्या मूर्खपणानं पसरट झालेले ते बूट त्यांच्या पायाला असे बसले, जणू माप त्यांचंच होतं. बोटं पसरली, मागे पाय घट्ट. वहिनी खाली बसल्या. तोल पुढे गेला. पुन्हा बसल्या. पुन्हा पुढे. त्यांनी टाचेकडे बघितलं, मग मांडव ठोकणाऱ्या सुताराकडे. तो बेलापूरकडचा आगरी गडी होता. वहिनींनी करवत मागितली.

"कोनाचा बूट हाय ह्यो?" त्यानं विचारलं.

"ह्यांचा," वहिनी म्हणाल्या.

सुतारानं माझ्याकडे फार करुणेनं बघितलं. मग रबर उचकटून दिलं.

माझ्या हयातीतला सगळ्यात महागडा, सगळ्यात लाडका बूट मीच दोन्ही हातांनी फळीवर दाबून धरलाय आणि वहिनी त्याची टाच कापताहेत, हे दृश्य आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी काहीतरी बोलायला गेलो. "हलवू नका," त्या म्हणाल्या. "तिरकं गेलं तर मी तिरकी जाईन." मी श्वाससुद्धा सरळ घेतला. लाकडाच्या दोन चकत्या मातीत पडल्या. सुतारानं रबर परत ठोकलं. वहिनींनी टाचेला बोट आडवं लावून बघितलं. एक बोट.

मग त्या वजन उचलायच्या चौथऱ्यावर गेल्या. बार छातीवर घेतला, खाली बसल्या, उठल्या आणि हात सरळ झाले. पाय जिथे पडले तिथेच, मुळं फुटल्यासारखे. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे, म्हणजे वजन मान्य. तोवर दादाही मांडवात पोचले होते, अंगावर कांद्याची सालपटं. ते माझा दंड घट्ट धरून उभे राहिले. दोन दिवस वळ होता.

दुपारी, सकाळच्या गटांपुरता, बक्षीस समारंभ झाला. पुरुषांना बुटांचे खोके मिळाले. मग वहिनींचं नाव पुकारलं आणि सफारींनी त्यांच्या हातात ठेवला कुकर. प्रेशर कुकर. त्याच्या झाकणावर, आपल्याकडे आहेराच्या भांड्यांवर घालतात तसं, मशीननं कोरलेलं होतं: महिला गट, प्रथम. म्हणजे कुकर आयत्या वेळी आणलेला नव्हता. कोरून घ्यायला वेळ काढला होता. 'व्यवस्था होईल' म्हणाले तेव्हाच कदाचित झालेली होती.

"बूट?" वहिनींनी विचारलं.

"लेडीजचं माप येतच नाही हो वहिनी," सफारी माइक बाजूला करून म्हणाले. "आणि हा घरात उपयोगी."

"मी उचललं ते घरात उचललं का?"

माइक पुरेसा बाजूला झाला नव्हता. सगळ्या मैदानानं ऐकलं. सफारी हसले, टाळ्या वाजवा म्हणाले, आणि लोकांनी वाजवल्या! याचा मला अजून संताप येतो. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, पहिल्या दोन. मग लक्षात आलं आणि हात खिशात घातले.

वहिनी खाली उतरल्या ते सरळ माझ्याकडे. मी अनवाणी उभा. मला वाटलं बूट परत मिळतील, कापलेले का होईना. त्यांनी कुकर माझ्या हातात दिला.

"हा तुमचा. बूट माझं."

"अहो वहिनी, पण मला कुकर..."

"एकटं राहता. भात कशात करता?"

"पातेल्यात."

"मग?"

संध्याकाळी माझ्या गटाचं नाव पुकारलं तेव्हा मी पहिल्याच तपासणीत बाद झालो. काखेत कुकर, पायांत बूट नाहीत. पंचांनी कारण विचारलंसुद्धा नाही.

पुढे दादांच्या पाठीनं काम सोडलं आणि दोघांनी गावाकडे जायचं ठरवलं. वाशीला हायवेवर साताऱ्याच्या एसटीला सोडायला मी गेलो. दोन पत्र्याच्या ट्रंका, एक गाठोडं. वहिनी हिरव्या लुगड्यात होत्या आणि लुगड्याखाली माझे बूट. "सामानात चेपत्यात," त्या म्हणाल्या. गावच्या शाळेत पोरींना शिकवणार होत्या. मास्तर म्हणाले होते व्यवस्था होईल, हे सांगतानाच त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. एसटी आली. ट्रंका चढल्या, दादा चढले. वहिनी पायरीवर उभ्या राहिल्या, पायरी टणक आहे का बघितल्यासारखा एकदा टाचेवर भार दिला, आणि वळून माझ्याकडे बघितलं. म्हणजे खाली बघितलं. मी मऊ तळाचे नवे बूट घातले होते.

"भावजी! परत गादी?"

दार लागलं. काचेआडून बोलणं चालूच होतं. ऐकू आलं नाही, पण काय असणार ते मला कळत होतं.

नंतर माझं लग्न झालं. पहिल्या आठवड्यात बायकोनं झाकण पुसता पुसता विचारलं, "महिला गट, प्रथम. हे तुम्ही?" मी सगळं सांगितलं. ती हसली आणि मग चिडली, अगदी वहिनींसारखी. तेव्हा मला वाटलं, लग्न जमलं.

आता कुकरची शिटी धड बसत नाही, कडेनं वाफ जाते. परवा दारावर भांडी मोडीत घेणारा आला. बायको म्हणाली, देऊन टाकू या. मी ओट्यापुढे उकिडवा बसून, टाचा फरशीला सपाट टेकवून, खालच्या कपाटातून कुकर बाहेर काढला आणि त्याच्याकडे न देता छातीशी धरला.

"नाही," मी म्हणालो. "हे माझे बूट आहेत."