आरोहीच्या गोणपाटातले चार दाणे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसतो आणि दुसरंच काहीतरी बोलून उठतो. आजही तसं होईल कदाचित, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मी मुकुटबनकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे. कृतीतून शिक्षण म्हटलं की आमच्या केंद्रातल्या दहा-बारा शाळांत आधी माझं नाव निघतं — आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून मी मुलांना शंभरापर्यंत नेतो. शाळेच्या अंगणात चुन्याने गावाचा नकाशा आखतो आणि त्यावरून त्यांना आपापल्या घरी चालत जायला लावतो. माझी मुलं घोकत नाहीत, हाताने करून बघतात — हे वाक्य मी किती सभांत छाती फुगवून म्हटलंय! आणि एका मुलीने हाताने करून बघितलेलं मीच... थांबा, क्रमाने सांगतो.

तीन वर्षं झाली. त्या साली पाऊस लांबला होता. शाळा उघडली तरी पेरण्या खोळंबलेल्या. आमच्याकडे पेरणीआधी सोयाबीनचे दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. कमी उगवले तर ते बियाणं पेरायचं नाही. मला वाटलं, वर्गासाठी याहून चांगलं काय मिळणार? प्रत्येकाने घरून दहा दाणे आणायचे, वीतभर गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं. उगवलेले मोजले की गणित, कोंब काढले की चित्रकला, दोन ओळी लिहिल्या की भाषा. एका गोणपाटात सगळे विषय बसवले म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

आरोही तेव्हा दुसरीत होती. बोलायला कमी, मोजायला पक्की. दाण्यावर बोट टेकवल्याशिवाय पुढचा आकडा म्हणायची नाही. तिच्या वडिलांनी, गजाननभाऊंनी, पेरायला ठेवलेल्या पोत्यातलेच दहा दाणे तिला दिले होते. चौथ्या दिवशी बाकीच्यांचे आठ-नऊ उगवले, तिचे चार. तिने वहीत चार कोंब काढले, खाली ४ लिहिला आणि वही मला आणून दाखवली. खूश होती. तिला काय, चारही तिचेच!

दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. मी लवकर जाऊन गोणपाटं व्हरांड्यात ओळीने मांडली. त्यात तिचं एकच उजाड दिसत होतं. साहेब काय म्हणतील, फोटोत कसं दिसेल — एवढंच होतं माझ्या डोक्यात. मी माझ्या नमुन्याच्या गोणपाटातले पाच कोंब उचलून तिच्यात ठेवले, आणि तिचे न उगवलेले पाच दाणे खिशात टाकले. एक तसाच राहू दिला. खरं वाटावं म्हणून.

साहेबांसमोर तिने गोणपाट उघडलं, मोजलं आणि थांबली.

"सर, काल त चारच होते माह्ये."

साहेब हसले. मीही हसलो. म्हणालो, "काल मोजायला चुकली असशील, बाळा."

तिने पुन्हा बोट टेकवत मोजलं. नऊ. मग खोडरबर घेऊन चारचा आकडा खोडला आणि चार कोंबांशेजारी आणखी पाच काढले. मी बघत उभा होतो.

इथवर तुम्ही कदाचित मला माफ कराल. पण तीन-चार दिवसांनी पाऊस झाला आणि गजाननभाऊ रस्त्यात भेटले.

"पोरगी म्हणते नऊ निंगले. खरं हाय काय, गुरुजी? मंग घरी वेगळं कायले भिजवत बसू?"

मी नेरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. दहात चार म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. एक वाक्य बोलायचं होतं. घाबरलो कशाला? साहेब तर केव्हाच गेले होते! या माणसापुढे लाज जाईल, एवढंच तर होतं.

"हो," मी म्हणालो. "नऊच."

वावर विरळ उगवलं. त्यांना ते मोडून दुसरं बियाणं पेरावं लागलं. नंतर एकदा ते शाळेत आले, वर्गाच्या दारात उभे राहिले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते हसत म्हणाले, "गुरुजी, इले पयले मोजणं शिकवा. इच्या भरोशावर वावर पेरलं म्या."

सगळा वर्ग हसला. आरोही उभी राहिली आणि म्हणाली, "मीच चुकली मोजाले."

मी फळ्याकडे वळलो. तारीख आधीच लिहिलेली होती. ती पुसली आणि पुन्हा लिहिली.

आता ती पाचवीत आहे, याच शाळेत. गेल्या महिन्यात खिचडीसाठी जेवणारी पोरं मोजायला मी तिला सांगितलं. तिने एकेकाच्या डोक्याला बोट लावत मोजली. मग मला आकडा सांगितला नाही — आधी मैत्रिणीला बोलावलं. "पाय बरं, तू मोज. माह्यं चुकते." मैत्रिणीने मोजलं, तिचाही तोच आकडा आला. तेव्हा कुठे ती माझ्याकडे आली. आकडा सांगताना तिचा आवाज इतका बारीक होता की मला तो पुन्हा विचारावा लागला.

बरोबर होता. तिचा आकडा तेव्हाही बरोबर होता. दुसरीतली सात वर्षांची पोर चार म्हणाली होती, आणि चारच होते.