देवगडे मास्तरांच्या ओट्यावरची खरी वाक्यं

भिलाईत पोलाद कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहून राहिल्या होत्या, तेव्हाचे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. चहाला चार जण बसले की एकातून दुसरा निघतो, आणि हसता हसता मधेच कोणीतरी गप्प होऊन जातो. माझ्याकडचे बहुतेक देवगडे मास्तरांच्या ओट्यावरचे आहेत.

मास्तर म्हणजे रेल्वेतले रिटायर गार्ड, नागपूरकडचे. मुलाच्या नोकरीपायी इथं कामगारांच्या कॅम्पात राहायला आलेले. साइटवरचे साहेब लोक कोणी मद्रासचे, कोणी बंगालचे, कोणी पंजाबचे, त्यामुळं फोरमन व्हायचं तर तोंडी परीक्षा इंग्रजीत! म्हणून ड्यूटी सुटली की आम्ही पाच-सहा जण हातपाय धुऊन मास्तरांच्या ओट्यावर. फी नाही. अट एकच, वाक्य स्वतःच्या घरातलं आणि खरं पाहिजे. "खोटं वाक्य मी तपासत नाही," असं मास्तर म्हणायचे.

*

आमचा साहेबराव वेल्डर. तोंडाचा फटकळ, मनाचा साफ. एकदा उशिरा आला म्हणून बंगाली साहेबानं त्याला झापलं. याला म्हणायचं होतं की मी काही नेहमीच उशिरा येत नाही. म्हणाला, "सर, आय ऑल्वेज डू नॉट कम लेट." म्हणजे मी कधीच उशिरा येत नाही! साहेबानं आधी घड्याळ पाहिलं, मग साहेबरावाले पाहिलं, आणि सरळ घरी पाठवून दिलं.

संध्याकाळी मास्तर म्हणाले, "अरे, 'नॉट' हे इंजिन आहे. 'ऑल्वेज', 'ऑफन', 'यूज्वली' हे डबे. ते मागून येतील."

"मग 'समटाइम्स' कावून पुढं बसते?" साहेबराव काही सोडणारा नव्हता.

"तो पायलट इंजिन. तो पुढंच धावते."

"आणि 'नेव्हर'?"

"'नेव्हर' आला की 'नॉट'ची ड्यूटी संपली. त्यानं घरी जावं."

*

माझी पाळी आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "आय डू नॉट ऑफन मीट माय मदर." इंजिन पुढं, डबा मागं, सगळं जागच्या जागी. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

मास्तरांनी विचारलं, आई कुठं असते? मी म्हणालो, गोंदियाले.

"वाक्य बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "रविवारी सकाळची गाडी आहे."

गेलो मी रविवारी. आईनं दार उघडलं आणि आधी विचारलं, काय झालं रे, कोणी आजारी आहे का? मला फार लाज वाटली.

*

आता नामदेवाचं सांगतो. नामदेव रिगर होता. लोखंडाचे मोठमोठे गर्डर दोरानं वर चढवायचे आणि उंचावर उभं राहून जागेवर बसवायचे, हे त्याचं काम. फोरमन झाला असता तर वर चढणं सुटलं असतं, म्हणून ही परीक्षा त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोले जास्त हवी होती. सुशीला तिचं नाव. ती नामदेवासोबत यायची, मास्तरांच्या सुनेजवळ दारात बसून तांदूळ निवडायची आणि आमचं एकूण एक वाक्य ऐकायची. त्या उन्हाळ्यात एक रिगर वरून पडून गेला होता. तेव्हापासून ती रोज सकाळी नामदेवाले विचारायची, वर चढल्यावर बेल्ट लावता ना? तो म्हणायचा, रोज लावतो.

खरं सांगायचं तर वर गर्डरला अडकवलेला बेल्टाचा हूक पावलोपावली काढून पुन्हा लावावा लागते. काम उरकायचं म्हणून सगळेच बेल्ट खांद्यावर टाकून फिरत. परीक्षेत साहेबानं नेमकं तेच विचारलं, बेल्ट नेहमी लावता का? एकेक जण आत गेला आणि "यस सर, ऑल्वेज" म्हणून बाहेर आला. नामदेव आत गेला आणि म्हणाला, "आय डू नॉट ऑल्वेज वेअर द बेल्ट, सर."

बाकीचे निवडले गेले. नामदेव राहिला.

त्या संध्याकाळी ओट्यावर साहेबरावाले राहवेना. वाक्य सोळा आणे बरोबर होतं आणि फोरमनची जागा हातची गेली, म्हणाला. मास्तरांनी विचारलं, कोणतं वाक्य? त्यानं ते इंग्रजीत सांगितलं, आणि वर सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतही सांगितलं.

दारात सुशीलाचा सुपातला हात थांबला. नामदेव खाली पाहत होता.

ती मास्तरांना म्हणाली, मी एक वाक्य करू का? आजवर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. मास्तर म्हणाले, कर बाई, पण आधी मराठीत सांग.

"हे रोज घरी येतात. पण येतील असं मले रोज वाटत नाही."

"आता इंग्रजीत."

सुशीलानं सूप बाजूला ठेवलं आणि उभी राहिली. "ही ऑल्वेज कम्स होम. आय डू नॉट ऑल्वेज बिलीव्ह."

मास्तर हळूच म्हणाले, "पुढं?"

"पुढचं वाक्य ह्यांचं," सुशीला म्हणाली.

नामदेव उठून उभा राहिला.