विकलेल्या भावाचं कडवं

रविवार, २० ऑगस्ट २००६. अमेरिकेत, पिस्कॅटवे, आमच्या घरी, दुपारच्या जेवणाआधी.

हजर: आई. मी. माझा नवरा. आमची मुलगी, जिचं पुढच्या रविवारी लग्न होतं. क्वीन्सहून आलेला माझा मावसभाऊ, कारण प्रार्थना तो म्हणणार होता. बाकी पाहुणे. नवरा आणि मावसभाऊ धरून पुरुष नऊ. शिवाय मी बोलावलेले एक काका, ते दहावे.

हजेरी लिहायची सवय मला ऑफिसमुळे लागली. मी एका लॅबमध्ये कोणाची शिफ्ट कधी ते बघते. तिथे आलेल्या माणसापेक्षा न आलेल्याची नोंद जास्त उपयोगी पडते. घरीही तेच. फ्रिजवर यादी, यादीशेजारी पेन, झालेल्या कामावर रेघ.

त्या दिवशी मलिदा होता. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. इथल्या मराठी मंडळींना हे दर वेळी नव्यानं सांगावं लागतं आणि इथल्या ज्यूंनाही. लग्नाआधी, बाळ झाल्यावर, दुखण्यातून उठल्यावर आम्ही एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, त्यावर फळं आणि गुलाब. ताट सगळ्यांच्या मधे ठेवायचं, प्रार्थना म्हणायची, मग वाटून खायचं. प्रार्थनेला दहा पुरुष असले की ती पूर्ण होते. नऊ असले तर काही भाग गाळावा लागतो.

यादीतली बाकी कामं झाली होती. एडिसनच्या दुकानातून जाडे पोहे, फ्रोझन नारळ, मुलीसाठी मेंदी. पण ज्यासाठी सगळा खटाटोप चालला होता ते काम दुकानात मिळणारं नव्हतं. आईला नातीसमोर कीर्तन म्हणायचं होतं.

आमच्यात कीर्तन असतं. टाळ, पेटी, मराठी पदं आणि गोष्ट जुन्या शास्त्रातली. आईच्या वडिलांचा रेवदंड्याकडे कीर्तनाचा गट होता, आणि आईला त्यांच्याकडून एक अख्खं कीर्तन पाठ होतं: भावांनी विकलेला भाऊ मिसर देशात मोठा अधिकारी होतो आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारात येतात. माझ्या लग्नात तिनं ते म्हटलं होतं. नातीच्या लग्नात म्हणायचं हे तिचं नात जन्मल्यापासून ठरलेलं. मग लग्नाआधीच्या हिवाळ्यात तिला स्ट्रोक आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. पुढे एकेक शब्द परत आला, पण जपून, दोन-तीन शब्दांच्या वर वाक्य नाही. गाणं मात्र सलग यायचं. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, असं होतं, गाऊ द्या.

तर आई गायची, आणि रोज एकाच जागी थांबायची. भावांना बघून त्या अधिकाऱ्याला राहवत नाही, तो नोकरांना बाहेर काढतो, दार लावून रडतो.

दार लोटुनी एकांती मग भाऊ रडला फार

एवढं झालं की पुढे काही नाही. आई हात हवेत धरून बसायची. पुढचं कडवं आणि त्याच्या पुढचं शेवटचं, दोन्ही गेली होती. मी इस्राएलमधल्या सगळ्या नातेवाइकांना फोन केले. कोणाला दुसरं कीर्तन येत होतं, कोणाला याची नुसती चाल. गटातलं कोणी उरलं नव्हतं. आई म्हणायची, "अर्धं... नको." अर्धं कीर्तन लग्नघरात म्हणायचं नाही. तो भाऊ रडतच राहतो.

आता काकांबद्दल. मे महिन्यात आम्ही थेरपीच्या वेटिंग रूममध्ये बसलो होतो. आई गुणगुणत होती. समोरच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ पत्नीला घेऊन बसले होते. आई थांबायच्या जागी थांबली, तर ते तीच चाल पुढे गुणगुणू लागले. शब्द नाहीत, चाल नेमकी. मी उठून त्यांच्याकडे गेले. नाव जुन्या करारातलं. आडनाव गावावरून, शेवटी 'कर'. मराठी बोलणारे. तेवढ्यात त्यांच्या पत्नीला आत बोलावलं, मी घाईघाईनं फोन नंबर घेतला आणि घरी येऊन यादीत लिहिलं: आपल्यातले एक काका, कीर्तन येतं. आणखी काय विचारायचं होतं?

त्यामुळे मलिद्याच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या एकाचा फोन आला की बॉसनं ऑन-कॉल टाकलंय, सॉरी, कॅन्सल करतोय, तेव्हा मी घाबरले नाही. काकांना फोन लावला.

"काका, उद्या घरी मलिदा आहे. दहा माणसं हवीत, एक कमी पडतोय. याल का?"

"येतो की," काका म्हणाले. "जेवायला ना?"

"जेवायलाही."

ते वेळेच्या आधी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात केळ्यांचा घड. मावसभावानं त्यांना डोक्यावर घालायला टोपी दिली, ती त्यांनी निमूट घातली. प्रार्थनेचं पुस्तक दिलं, तेही घेतलं. ताट मधे आलं, आई खुर्चीत, नात तिच्या पायाशी. मावसभाऊ सुरू करणार इतक्यात त्याचं लक्ष काकांकडे गेलं.

"काका, पुस्तक उलटं धरलंय. हिब्रू उजवीकडून वाचतात."

"बाबा, मला डावीकडूनच सवय आहे."

"तुमचं सिनेगॉग कुठलं म्हणायचं?"

"सिनेगॉग नाही रे. चर्च. आम्ही नगरचे, मिशनच्या कंपाउंडातले." मग त्यांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि डोक्यावरच्या टोपीला हात लावला. "काय झालं? दहा माणसं म्हणजे काही खास दहा होते का?"

माझा नवरा माझ्याकडे बघत होता. लग्न झाल्यापासून तो माझ्या यादीत चूक निघायची वाट बघत आला आहे.

"मॉम," मुलगी हळूच म्हणाली, "यू डिडन्ट आस्क हिम?"

"नाव बघ ना त्यांचं," मी म्हणाले. "आणि कीर्तन येतं!"

"येणारच," काका म्हणाले. "आजोबांचं आहे ते. माझे आजोबा मिशनचे प्रचारक. टाळ घेऊन तुमच्या कोकणातल्या आळ्यांमधून फिरायचे."

आईच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ऐकू गेलं. मिशन हा शब्द आमच्या घरात साधा नाही. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून आणि स्कॉटलंडमधून मिशनरी आले आणि आमच्या गावांत मराठी शाळा काढल्या. आमच्या लोकांना तोवर आपलं शास्त्र धड वाचता येत नव्हतं. सण पाळायचे, शनिवार पाळायचा, काही प्रार्थना पाठ, एवढंच. मिशनऱ्यांनी शास्त्र मराठीत आणलं, हिब्रू शिकवली. हेतू उघड होता: हे शिकतील, मग ख्रिस्ती होतील. आमचे लोक शिकले. आईचे आजोबा तर मिशनच्या शाळेत शिकून तिथेच मास्तर झाले. आईची आजी मुलींना रोज शाळेत पाठवताना बजावायची, की सगळं शिकून यायचं, डोक्यावर पाणी घेऊन यायचं नाही. पाणी म्हणजे बाप्तिस्म्याचं. आणि मिशनच्या बायका घरी आल्या की ती आतून कडी घालायची.

आता त्यांच्यातला एक आमच्या घरात, आमची टोपी घालून, आमच्या ताटासमोर उभा होता आणि त्याला मीच बोलावलं होतं.

काका टोपी काढायला लागले. "मी निघतो, ताई. गैरसमज झाला."

"बसा," आई म्हणाली.

मग मावसभावानं नऊ जणांत जमतं तेवढं म्हटलं. काका मागच्या खुर्चीत हात जोडून बसले. ताट फिरलं, पोहे त्यांनाही दिले. आई त्यांच्याकडे बघत खात होती. खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, "किती... मिळाले?"

काकांना समजेना. मला समजलं. "आजोबांना विचारतेय," मी म्हणाले, "आमच्यातले किती जण ख्रिस्ती झाले म्हणून."

"एकही नाही!" काका म्हणाले. "आयुष्यभर चालले बिचारे. आजी म्हणायची, ह्यांना त्या आळीत नुसता चहा मिळतो."

आई हसली. एका बाजूनं, पण हसली. "चाल... आम्हाला मिळाली."

"अहो, चाल आमची होती!"

"आमची. तुमच्या आजोबांनी... चोरली."

"बरं, चोरली," काका म्हणाले. "म्हणा तर खरं, बघू कोणाची ते."

आईनं सुरुवात केली. मी हातातली भांडी खाली ठेवली. भाऊ धान्याला आले, वाकून उभे राहिले, तो ओळखून गप्प राहिला. मग ती जागा आली. दार लोटुनी एकांती मग भाऊ रडला फार. आईचा हात हवेत राहिला. मुलगी तिच्या गुडघ्याला धरून बसली होती. आई माझ्याकडे बघत नव्हती, नातीकडेही नाही, समोर भिंतीकडे बघत होती.

काकांनी हळूच पुढचं उचललं.

मी तो तुमचा विकला भाऊ, उतरला पापभार

"नाही!" आई म्हणाली.

काका थांबले.

"पाप नाही. पापाचं काय घेऊन बसलाय तुम्ही? एवढ्या वर्षांनी भाऊ दिसले, तो आधी बापाचं विचारील की पापाचं विचारील?" आणि ती गायली:

मी तो तुमचा विकला भाऊ, सांगा हो एकवार
बाबा अपुले जगती का रे, उघडे का ते दार

हिवाळ्यापासून एवढी लांब वाक्यं मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती. तिला स्वतःला ते कळलं नाही, कारण ती भांडत होती. "बाप आधी," ती काकांना बजावत होती. "माफी नंतर."

"शास्त्रातही तसंच आहे, ताई," काका म्हणाले. "आधी बापाचंच विचारलंय."

"मग तुमच्या आजोबांनी... का बदललं?"

काकांनी जरा विचार केला. "त्यांना पुढे जायची घाई होती," ते म्हणाले.

पुढे म्हणजे काय हे त्यांनी मग सांगितलं. त्यांच्या शेवटच्या कडव्यात विकलेल्या भावावरून गोष्ट येशूवर येते: तोही चांदीच्या नाण्यांना विकला गेला, त्यानंही विकणाऱ्यांना माफ केलं. आजोबा आळीत उभे राहून आधी सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट लावायचे आणि लोक रंगले की शेवटचं कडवं घ्यायचे. तोवर बायका उठून आत गेलेल्या असायच्या.

"म्हणा," आई म्हणाली.

"काय?"

"शेवटचं. तुमचं."

मावसभाऊ मधे पडला. "मावशी, मलिद्याला ते कशाला?"

"तू गप्प. तो चुकेल... मला आठवेल."

हिशेब सरळ होता. एक कडवं त्यांनी चुकीचं म्हटलं म्हणून हिला खरं आठवलं. शेवटचंही तसंच सापडेल. मला हे पटलं, मी काकांना म्हणाले, "काका, प्लीज." पण काकांनी मान हलवली.

"आजोबांनी म्हटलं असतं," ते म्हणाले. "अशा संधीची ते वाट बघायचे. मला या पोरीच्या लग्नघरात ते नको. दुसऱ्या दिवशी येईन, ताई, नुसते आपण बसू. तेव्हा भांडा मनसोक्त."

त्यांनी टोपी घडी करून टेबलावर ठेवली. आईनं नातीच्या तळहाताला मेंदीचं पहिलं बोट लावलं, आणि कीर्तन अर्धं म्हणायचं नाही हा नियम मोडून पहिल्यापासून परत म्हटलं, बापाच्या प्रश्नापर्यंत. मुलीला अर्थ मी नंतर सांगितला. तिनं विचारलं, "सो वॉज द फादर अलाइव्ह?" मी म्हणाले, होता. मग ती म्हणाली, "ओके. दॅट्स अ गुड प्लेस टु स्टॉप." आईला ते मान्य नाही. तिच्या मते प्रश्न विचारून थांबणं हा शेवट नव्हे.

मी त्यावर पुष्कळदा विचार करते, बहुधा गाडी चालवताना. या देशातून निघून काही माणसं जहाजानं आमच्या गावात गेली, आम्हाला आमचंच पुस्तक वाचायला शिकवून हात हलवत परतली. आईच्या आजीनं कडी घातली नसती तर आज आम्ही कोण असतो? आणि त्यांनी शाळा काढली नसती तर? दोन्ही प्रश्न मला सारखेच अडवतात. आईला अडवत नाहीत. तिच्या मते शाळा घेतली, पाणी नाही घेतलं, विषय संपला. फक्त आता मिशनवाल्यांकडे आपली एक वस्तू अडकून आहे, ती सोडवून आणायची.

काका त्या वर्षी आले नाहीत. आधी लग्नाची धावपळ, मग त्यांची पत्नी आजारी पडली, आणि ती गेल्यावर मुलगा त्यांना व्हर्जिनियाला, अ‍ॅशबर्नला घेऊन गेला. अधूनमधून फोन होतो. फोनवर कडवं म्हणा म्हटलं तर म्हणतात, समोर भांडणारं माणूस नसेल तर ते मला येत नाही. शिवाय आईला फोनवर नीट ऐकू जात नाही. गेल्या वेळी त्यांच्या आवाजात एक कापरेपणा होता, आणि स्वतःच्याच आजोबांच्या गावाचं नाव त्यांनी मला दोनदा विचारलं. मी ते आईला सांगितलेलं नाही.

आता २००८चा ऑक्टोबर आहे. मुलगी बोस्टनला असते, तिला मार्चमध्ये बाळ होईल. बाळाचा मलिदा आमच्याकडेच. आईनं सांगून ठेवलंय की त्या वेळी ती कीर्तन पुरं म्हणणार आहे. आमच्याकडून अ‍ॅशबर्न जाऊन-येऊन दोन दिवसांचं काम, आईच्या गोळ्या आणि मधले थांबे धरून. बर्फ पडायला लागला की तिला गाडीत बसवता येणार नाही.

फ्रिजवरच्या यादीत इतर सगळ्यावर रेघ आहे. हे राहिलंय: काकांकडे आईला घेऊन जाणे.