ह्यांच्यासाठी घेतलेला वास

माझा नवरा दारूनं गेला नाही.

आज दोन वर्षं झाली. दोन वर्षं ऐकून घेतलं, आज लिहिते. ज्याला झोंबायचं त्याला झोंबू दे.

विश्वनाथ. डाळ मिलवाले. लातूर जिल्हा वेगळा झाला त्या साली जन्मले, म्हणून दोस्तमंडळी त्यांना 'जिल्हा' म्हणायची.

मिलच्या गेटात तोल जाऊन पडले तेव्हा लोक हसले. "जिल्ह्यानं सकाळीच लावली वाटतं."

मयतीला आलेलेही तेच बोलले. माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात.

डोक्यात गाठ होती हे सगळ्यांना सांगितलं. तर म्हणे, दारूनंच झाली गाठ! काय बोलायचं आता ह्याला?

वाईट ह्याचं की माझ्या सासूबाईंनी (मी त्यांना आत्याबाई म्हणते) ते खरं मानलं. पोराचं नाव घेणंच सोडलं. "लिंगायताच्या घरात जन्मून..." एवढंच म्हणायच्या.

हो, घरात तीन बाटल्या होत्या. लपवत नाही.

सिंगल माल्ट व्हिस्की. तिन्ही एकाच डिस्टिलरीच्या. बारा वर्षांची, पंधराची, अठराची. ह्यांचा कॉलेजचा दोस्त स्कॉटलंडला नोकरीला, तो सुट्टीला येताना आणायचा.

ह्यांचं पिणं म्हणजे रविवारी दुपारी, माडीवर, तीन ग्लासांचा नुसता तळ ओला. मग तासभर वास. एक घोट ह्यातला, एक त्यातला, परत वास.

माझं डोकं फिरायचं. "अहो, पिऊन टाका की एकदाची! पोरगी बघाय आल्यासारखं काय बघत बसलाय?"

"मास्तरीणबाई, तूर कशी बघतो मी? एकाच शिवारातली असती, पण कुठं ठेवली, किती दिवस ठेवली, सगळं नाकाला कळतं. हितं बी तसंच. पाणी एक, जव एक, भट्टी एक. फरक पिंपाच्या लाकडाचा आन् वर्षांचा."

नाकावरच तर धंदा होता ह्यांचा. पोत्यात हात घालून मूठ नाकाशी धरली की बास. माल ओला का सुका, नवा का जुना, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ह्यांचा शब्द चालायचा.

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो.

एका रविवारी हे खाली आले, तोंड उतरलेलं. "तिन्हीला वासच न्हाई."

"टँकरचं पाणी," मी म्हणाले. ग्लास त्याच पाण्यात धुतलेले. त्या साली सगळ्याचं खापर पाण्यावर फुटायचं. डाळ शिजेना, पाणी. केस गळाले, पाणी. आम्हाला दोघांनाही पटलं.

तर ह्यांनी काय करावं? नुसते ग्लास विसळायला फिल्टरच्या पाण्याचा जार आणला!

मी शाळेत शिकवून येऊन घागर घेऊन रांगेत उभी, आणि नवरा दारूच्या ग्लासांना आंघोळ घालतोय. लई भांडले मी. शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

जारच्या पाण्यानंही वास आला नाही.

पुढं फोडणी करपली, घरभर धूर झाला, आणि हे शेजारी बसून पेपर वाचतायत. तेव्हा मला कळलं, दोष पाण्याचा नाही, नाकाचा.

"कुणाला बोलू नको," हे म्हणाले. "नाक गेलं कळलं तर मोंढ्यात कोण विचारतंय मला?"

शब्द दिला मी. तुरीच्या नमुन्याच्या पुड्या घरी यायला लागल्या. वास मी घ्यायची, भाव हे सांगायचे.

आणि एका रविवारी ते तीन ग्लास माझ्यापुढं ठेवले. "हे बी सांग की."

"येड लागलं का? गळ्यात लिंग हाय माझ्या!"

"पी म्हनलो का? हुंग फक्त."

जळकोटच्या कडक घरातली मी. पदरानं लिंग झाकलं आणि हुंगलं.

पहिल्यांदा तिन्हींत स्पिरिट. इंजेक्शनच्या आधी चोळतात ते. हे पोट धरून हसले.

मग हळूहळू कळायला लागलं. बाराच्यात पिकला पेरू. पंधराच्यात काहिलीच्या कडेला लागलेला गूळ. अठराच्यात मात्र लग्नातला शालू ट्रंकेतून काढल्यावर येतो तो वास, आणि जराशी सुंठ.

हे डोळे मिटून ऐकायचे. मग एक घोट. "हां. आता आला."

कसला येतोय? मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

पाऊस झाला, नळ आले, नाक आलं नाही. तोल जायला लागला तेव्हा नांदेडला नेलं. गाठ नाकाच्या वर, मेंदूच्या पुढच्या बाजूला. वासाच्या नसा तिनं कधीच्या दाबून टाकल्या होत्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणाले, "खरं सांगू? नाक होतं तवा मला शालू कधी आला नव्हता."

घरी परत आले नाहीत.

आता मिल विकली. दिलेला शब्द किती दिवस उराशी धरून बसू?

आज सकाळी पूजा झाल्यावर आत्याबाईंपुढं बसले. सगळं सांगितलं. नाकाचं, पुड्यांचं, माडीवरचं. मी हुंगायची तेसुद्धा. म्हटलं, काढायचं तर काढा घराबाहेर.

त्यांनी दुसरंच विचारलं.

"लेकराचं नाक गेल्तं, आन् मला न्हाई सांगितलं?"

"न्हाई, आत्याबाई."

"मी म्हनायचे, पोरगं ताटावरनं अर्ध्यात उठतंय. माझ्या हातचं आवडंना त्याला आता. रागच धरला मी."

आणि रडल्या. मयतीला रडल्या नव्हत्या एवढ्या.

डोळे पुसून म्हणाल्या, "विश्वनाथला कसा सांगायचीस वास? मला बी सांग."

सांगितला.

अहो, आज तुमच्या आईनं तुमचं नाव घेतलं. निवांत राहा आता. आम्हा दोघींचा नमस्कार.