पोच मागणारा वर्ग

आमच्या शाळेत नागरिकशास्त्राच्या बाईंना पोरं मागून 'पोचबाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं. मी तिथं सत्तावीस वर्षं कारकून होतो. कागद आला की शिक्का मारायचा, आवक क्रमांक घालायचा आणि देणाऱ्याच्या प्रतीवर सही करून पोच द्यायची, हे माझं काम. पण खरं सांगतो, बाई येईपर्यंत पोच मागायला फारसं कुणी आलंच नव्हतं. लोक कागद टेबलावर ठेवायचे, हात जोडायचे आणि जायचे. मलाही ते सोयीचं होतं.

बाई पहिल्याच महिन्यात आठवीचा अख्खा वर्ग घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, कागद आत आला की त्याचं पुढं काय होतं ते यांना दाखवा."

"बाई, हे पुस्तकात नाही."

"म्हणून तर आणलंय."

झालं. छत्तीस पोरं माझ्या आवक रजिस्टरवर वाकली. माझ्या लग्नाचे फोटोसुद्धा कुणी इतके निरखून पाहिले नसतील. मी वैतागलो होतो, पण शिक्का मारताना हात जरा जास्तच ऐटीत उचलला, हेही कबूल करतो.

बाईंचं हे पोचेचं वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं. त्यांच्या ताईच्या वसतिगृहाचा अर्ज आईनं स्वतः कचेरीत नेऊन दिला होता. महिन्यानं चौकशीला गेल्यावर तिथला माणूस म्हणाला, असा अर्ज आलाच नाही. ताईची शाळा सुटली, ती शिलाई मशीनवर बसली, आणि त्या शिलाईवर धाकटी शिकली. "आईनं पोच घेतली असती ना भाऊ, तर या खुर्चीत आज ताई असती," बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं. त्या माणसाच्या जागी मी क्षणभर स्वतःला पाहिलं.

वर्गात त्या अर्ज लिहून घ्यायच्या आणि लाल पेनानं निम्मा खोडायच्या. 'कृपा करून' गेलं, 'आपले उपकार होतील' गेलं, 'आपला आज्ञाधारक' तर पहिल्याच दिवशी गेलं. नम्र राहा, म्हणायच्या, पण जे आपलंच आहे ते मागताना उपकार कसले? आणि 'बघू' हे उत्तर नव्हे, लेखी मागा. दुसऱ्याच दिवशी एका मुलाचे वडील तणतणत शाळेत आले. पोरानं सायकल मागितली, ते 'बघू' म्हणाले, तर पोरगा लेखी द्या म्हणून हटून बसला होता. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "मग, देणार आहात की नाही?"

त्या वर्गात एक मुलगी होती. लहानपणापासून पायांत बळ नाही, दोन कुबड्या घेऊन चालायची. सगळ्यांना हुकूम सोडायची म्हणून तिला कॅप्टन म्हणत. आठवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता, नववीचा दुसऱ्या. वर्ष संपायला दोन महिने असताना मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, तिच्या आईला बोलावलं. आई कपड्यांना इस्त्री करायची. सर तिला मायेनंच म्हणाले की एवढे जिने पोरीला झेपायचे नाहीत, घरी बसून बाहेरून परीक्षा देऊ दे. आईनं मान हलवली. सरांसमोर मान हलवण्यापलीकडे काही करता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तळमजल्यावर एक खोली होती. संचालकांच्या बैठकीची. वर्षातून दोनदा उघडायची, एरवी तिथल्या खुर्च्यांवर धूळ बसायची.

वर्गात अर्ज लिहायला घेतला तेव्हा बराच वाद झाला म्हणे. कुणीतरी 'तिच्यावर दया करून' असं लिहिलं. कॅप्टन म्हणाली, "दया लिहिणार असाल तर माझं नाव काढा. खोली मागा, दया नको." शेवटी चार ओळींचा अर्ज झाला. नववीचा वर्ग तळमजल्यावरच्या खोलीत भरवावा. खाली छत्तीस सह्या. मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलावर आला, सोबत दुसरी प्रत. मी क्रमांक घातला, एकशे अठरा, आणि पोच दिली.

सर अर्ज घेऊन लालबुंद होऊन बाहेर आले. "आज्ञाधारक नाही, विनंती नाही! या पोरांना काही पोच आहे की नाही?"

"आहे सर. मीच दिली. एकशे अठरा."

इतक्या वर्षांत मी सरांना उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि हे तर मी अगदी सरळपणे दिलं होतं. पण त्याचा राग बाईंवर निघाला. पोरांना फितवल्याबद्दल खुलासा मागितला गेला. बाईंची नोकरी अजून कायम झाली नव्हती. बाईंनी एका ओळीत खुलासा दिला: 'मी मुलांना हक्कांचा धडा शिकवला, आणि तो त्यांना समजला.' मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोच द्या, भाऊ."

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, असा शाळेचाच नियम होता आणि त्याखाली सरांचीच सही होती. रोज मधल्या सुट्टीत दोन मुलं यायची, नमस्कार करायची आणि विचारायची, "एकशे अठराचं काय झालं?" आवाज चढवायचा नाही, ही बाईंची सक्त ताकीद. सरांच्या नाकी नऊ आले. ओरडणाऱ्या पोराला दम देता येतो, नमस्कार करणाऱ्याला काय देणार?

पंधराव्या दिवशी सरांनी मला मजकूर सांगायला घेतला. तोंडी नाही म्हणणं सोपं असतं. कागदावर कारण लागतं. "सदर खोली," सर म्हणाले, "वर्षातून दोन वेळा लागत असल्यामुळे..." आणि थांबले. "वाचा बघू." मी वाचलं. "फाडा," ते म्हणाले. असे तीन कागद फाडले. मग त्यांनी विचारलं, "त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते हो?"

माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी कारण विचारलं नव्हतं, एवढंच. बाईंचा खुलासा त्यांनी फाइलला लावला आणि वर्षअखेर बाईंना कायम करण्याच्या कागदावर सही केली. मी ती फाइल कपाटात ठेवली तेव्हा छाती फुगली होती, आणि का फुगू नये?

जूनमध्ये नववीचा वर्ग तळमजल्यावरच्या त्या खोलीत भरू लागला, आणि पहिल्याच आठवड्यात कॅप्टनला उशीर झाला. उशिरा येणाऱ्यानं कारण लिहून द्यायचं आणि ते कार्यालयात यायचं, म्हणून तिची चिठ्ठी माझ्याकडे आली. आठवीत ही मुलगी घंटेच्या वीस मिनिटं आधीच जिना चढायला लागायची. मी वर जाता-येता तिला पाहायचो आणि बाजूला व्हायचो, त्यापुढं काही केलं नव्हतं. मैदानावर ती मला एकदाही दिसली नव्हती.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मैदानात होते. घंटा झाल्यावर निघाले.'

बाईंनी खाली सही केली होती आणि बाकी सगळ्यांना लावतात तसा तिलाही लेटमार्क लावला होता.