सरांच्या दारातली बंदूक

धमकी देणाऱ्याची चूक दुरुस्त करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मी सरांकडे ड्यूटीला लागलो त्याच आठवड्यात त्यांच्या घरचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतक्या जोरात बोलत होता की मला दारातून ऐकू आलं. "मास्टरजी, कोर्ट जाने से पहले अपनी सेफ्टी का सोच लो."

सर म्हणाले, "हे पाह्य बेटा, माहा पाय घसरून मी नदीत पडलो, तर तो सेफ्टीचा प्रश्न. तू येऊन मले ढकललं, तर तो सिक्युरिटीचा. तुले सिक्युरिटी म्हणायचं आहे."

पलीकडून फोन आपटला गेला. सरांनी रिसिव्हर नीट जागेवर ठेवला.

मी तेव्हा पोलीस शिपाई होतो. मूळचा गोंदियाजवळच्या मुर्रीचा, धान पिकवणाऱ्या घरातला. सर निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. सडक अर्जुनीच्या पुढे, हायवेपासून थोडं आत त्यांचं गाव. एका पहाटे ते नदीकाठी फिरायला गेले असताना त्यांच्या डोळ्यांदेखत मुकुंदाला रेतीच्या ठेकेदाराच्या ट्रॅक्टरखाली चिरडलं होतं. मुकुंदा त्यांचाच विद्यार्थी. घाटातून रेती नेऊ नका म्हणून तो ट्रॅक्टरपुढे आडवा उभा राहिला होता. ड्रायव्हर थांबला, मागे आला आणि पुन्हा पुढे गेला. हे 'पुन्हा पुढे गेला' सरांनी पाहिलं होतं. गावातल्या आणखी दोघांनीही पाहिलं होतं.

सरांना संरक्षण मिळालं, म्हणजे मी मिळालो. त्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पोरांची शिकवणी भरायची. बौद्धांची, कुणब्यांची, पोवारांची पोरं एका चटईवर बसायची. माझी बंदूक दारात आली आणि चटई रिकामी होत गेली. सर मला म्हणाले, "थे बंदूक आत ठेवता येत नाही का गा? पोरं भेऊन राहिली."

"नाही सर. ऑर्डर आहे."

"मंग तूच बस चटईवर."

तेव्हापासून रोज पाच वाजता मी त्यांचा विद्यार्थी झालो. मांडीवर बंदूक, समोर फळा. त्यांची उदाहरणं गावातलीच असायची. विहिरीला कठडा बांधला, ती सेफ्टी. दाराला कडी घातली, ती सिक्युरिटी. "एक वस्तूपासून वाचवते, दुसरी माणसापासून," ते म्हणायचे. "आपल्या मराठीत दोन्हीले सुरक्षाच म्हणतेत. म्हणून सरकार एक देते आणि दोन्ही दिल्यासारखं वाटते."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, हे ऐकून चिडायच्या. किराणावाला त्यांना सामान संपलं म्हणायचा. हँडपंपावर बाया त्यांच्याशी बोलत नव्हत्या. "तुमाले शब्द पुरतेत," त्या सरांना म्हणायच्या, "मले बोलाले माणूस लागते." पण त्यांनी सरांना साक्ष देऊ नका असं कधी म्हटलं नाही. मला त्या जेवू घालायच्या. मी दारात उभा राहून खातो हे त्यांना खपत नसे. "काऊन घोड्यासारखा उभ्यानं खाऊन राहिला? बस."

धान निसवायच्या, लोंब्या फुटायच्या दिवसांत, दिवस बुडता बुडता काकू घरामागे सरपण आणायला गेल्या आणि मण्यारीने त्यांच्या पायाला डंख मारला. मी पुढच्या दारात बसलो होतो.

गावात जीप एकच होती. जीपवाला म्हणाला, क्लच गेला. दुपारीच तो बाजाराहून आला होता. त्याच्या ओट्याला लागून ठेकेदाराच्या भावाचं घर होतं, आणि तो भाऊ दारात उभा राहून पाहत होता. आम्ही काकूंना खाटेवर घालून हायवेवर आणलं. एका बाजूने सर, एका बाजूने मी. मी रस्त्यात उभा राहून ट्रकांना हात दाखवू लागलो. एकही थांबेना. खाकी आणि बंदूक पाहिली की ड्रायव्हरांना वाटायचं, वसुली चालू आहे, आणि ते ट्रक जास्तच दामटायचे.

"तू मागं सर," सर म्हणाले. "तुले पाहून थांबून नाही राहिले कोणी."

मी झाडामागे जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर एकटा म्हातारा हात जोडून उभा. पुढचा ट्रक थांबला. रायपूरकडचा ड्रायव्हर होता. त्याने काकूंना स्वतः उचलून घेतलं. पण फार वेळ गेला होता. दवाखान्याचं फाटक दिसण्याआधीच त्या गेल्या.

त्यानंतर पाच वाजता सर फळ्यापुढे बसत, पण लिहीत नसत.

कोर्टात बाकीचे दोघे साक्षीदार उलटले. एक म्हणाला, धुकं होतं. दुसरा म्हणाला, मी तिथे नव्हतोच. सर पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा विरुद्ध बाजूच्या वकिलाने खोचकपणे विचारलं, "तुमच्या दारात चोवीस तास पोलीस. एवढी कशाची भीती वाटते तुम्हाला?"

"वाटत होती," सर म्हणाले. "आता नाही वाटत." मग त्यांनी ट्रॅक्टर मागे कसा आला आणि पुन्हा पुढे कसा गेला, ते हाताने दाखवून सांगितलं. ड्रायव्हरला शिक्षा झाली. ठेकेदाराला काही झालं नाही.

निकालानंतर संरक्षण काढल्याचा आदेश आला. सर मला फाट्यापर्यंत सोडायला निघाले. मी नको म्हणालो, तरी ते आले. वाटेत जीपवाला घरासमोर गाडी धूत होता. आम्हाला पाहून त्याने मान खाली घातली. सर थांबले.

"तुहा पोरगा कितवीत गेला गा?"

"आठवीत, सर."

"संध्याकाळी पाठवत जा. बंदूक जाऊन राहिली आज."

जीपवाल्याने मान वर केली नाही. बस आली. मी चढलो. सर ज्या वाटेने आले होते त्याच वाटेने, मधोमध, एकटे परत गेले.

पुढल्या हिवाळ्यात सर वारल्याचं मला कळलं, तेव्हा मी गेलो. त्यांची नागपूरला दिलेली मुलगी सामान बांधत होती. शेवटी कोणी जवळ होतं का, मी विचारलं.

"छातीत दुखून राहिलं म्हणून बाबा स्वतःच चालत जीपवाल्याकडे गेले, भाऊ. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. ठेकेदाराच्या भावाच्या दारावरून गाडी काढली न् थेट गोंदियाले नेलं. मी पोचली तेव्हा बाबा बोलत होते." तिने पेटीचं झाकण लावलं. "मले बोलता आलं त्यांच्याशी. आईशी नव्हतं आलं."