तोंडाची झडती

"तोंड उघड, म्हातारे."

माझ्या मायने तोंड उघडलं. कंपनीच्या फार्मसाहेबाने हातातली छडी तिच्या खालच्या ओठावर टेकवली आणि जबडा खाली दाबला. मग मान वाकवून आत पाहिलं. बाजारात बैलाचे दात पाहणारा माणूस बैलाच्या तोंडाला हात तरी लावतो. आम्हाला हात लावायचा नव्हता. म्हणून छडी.

"दात किती राहिलेत गं तुझे?"

"तीन हायेत, साहेब."

"मग चावला नसशील. चोखला असशील. चूळ भर."

फाटकापाशी एक काळा दगड मांडून ठेवला होता. उसाचा पांढरा चोथा काळ्यावर लगेच दिसतो. दगडाशेजारी माझा चुलता, तात्या, डबडं घेऊन उभा होता. कंपनीने त्याला एवढ्याच कामासाठी ठेवलं होतं. आमच्या ओंजळीत पाणी ओतायला दुसरं कोणी तयार नव्हतं. त्याने वरून पाणी ओतलं. मायने चूळ भरली आणि दगडावर थुंकली. फार्मसाहेब वाकला. छडीच्या टोकाने थुंकी पसरवून पाहिली.

"भाकरी हाय, साहेब. बाजरीची," तात्या म्हणाला.

"तुला विचारलं का? पाणी ओत. पुढचा."

पुढचा मी होतो. वयाने वाढलेला, मिसरूड फुटलेला, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मी तोंड उघडलं.

हे रोज होत होतं. शेतात काम करताना कोणी कंपनीचा ऊस खाऊ नये, यासाठी ही झडती. कुणब्यांच्या बायांनी आपणहून तोंड उघडून दाखवायचं, मुकादम लांबूनच पाहायचा आणि सोडायचा. महारवाड्याची रांग वेगळी. आमच्यासाठी छडी, चूळ आणि दगड. दातात उसाचा धागा सापडला तर त्या दिवसाची मजुरी बुडाली.

आता जमिनीचं सांगतो. ज्या जमिनीवर ते फाटक उभं होतं ती आमची होती.

निफाडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या कालव्याकाठी आमचं गाव. गावकीच्या कामाबद्दल आमच्या पूर्वजांना वतनाची जमीन मिळालेली. ती दिली तेव्हा गावाने मुद्दाम पडीक तुकडा दिला होता. दगड आणि कुसळं. पुढे सरकारने कालवा काढला आणि तो नेमका आमच्या बांधाजवळून गेला. पडीक तुकडा एका पिढीत ओलिताखाली आला. गावाला तेव्हा फार वाईट वाटलं.

मग परदेशी साखरेवर सरकारने जबर जकात बसवली. बाहेरची साखर महाग झाली आणि मुंबईच्या पैसेवाल्यांना इथली काळी जमीन दिसू लागली. कंपनी आली. कारखान्याचं धुराडं उभं राहिलं. वतनाची जमीन विकता येत नाही, म्हणून कंपनीने ती पाच वर्षांच्या कराराने खंडाने घेतली. माझा बाप तेव्हा जिवंत होता. त्याने आणि तात्याने अंगठे दिले. कर्ज नव्हतं, कोणाची जबरदस्ती नव्हती. रोख खंड मिळणार आणि शेतात कामही मिळणार, असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. खंड मिळाला. कामही मिळालं. दुसऱ्या वर्षी बाप तापाने गेला आणि त्याच्या जागी मायचा अंगठा लागू लागला.

करारात एक अट होती. जमिनीवर उसाशिवाय दुसरं काही लावायचं नाही, बांधावरसुद्धा नाही. कालव्याचं पाणी कंपनीच्या उसासाठी राखून ठेवलं गेलं आणि गावाच्या बाजरीची पाळी शेवटी येऊ लागली. शेवटी म्हणजे पाणी उरलं तर. दोन वर्षांत आसपासची बाजरी संपली. गुऱ्हाळं बंद पडली, कारण ऊस कारखान्यालाच घालायचा. भाकरीचं पीठ आम्ही कंपनीच्या दुकानातून आणू लागलो. ती बाजरी कुठून येत होती ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. जुनी होती. कडू लागायची.

मायच्या थुंकीत फार्मसाहेबाला दिसली ती हीच बाजरी.

फार्मसाहेब पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेला. सदऱ्याला कायम इस्त्री, बोलणं शुद्ध. मारहाण करायचा नाही, शिवी द्यायचा नाही. झडतीबद्दल एकदा मुकादमाला म्हणाला होता, "यात अपमान कसला? ही पद्धत आहे." त्याचं ते वाक्य मी विसरलो नाही.

त्याच सुमारास साहेब लोकांची एक कमिटी आली. साखरेवरची जकात पुढे चालू ठेवायची की नाही, हे तिला ठरवायचं होतं. जकात उठली असती तर जावा बेटावरची स्वस्त साखर परत आली असती आणि कंपनी बसली असती. म्हणून कंपनीला शेतकरी दाखवायचा होता. सुखी शेतकरी. फार्मसाहेबाने मला निवडलं. जमीनमालकाचा मुलगा, शिवाय लिहिता-वाचता येणारा, वर अस्पृश्य. कमिटीला आवडेल असा. दुकानातून मला नवा सदरा मिळाला आणि एक वाक्य पाठ करायला मिळालं. "कंपनी आली आणि आमचं पोट भरलं."

कारखान्यासमोर मांडव घातला होता. टेबलावर परातीत साखरेचा ढीग. मधे गोरा अध्यक्ष, बाजूला दोघे देशी सभासद, परमुलखातले, मराठी न कळणारे. मी मांडवाच्या कडेला उभा. अध्यक्षाने इंग्रजीत काही विचारलं. फार्मसाहेब मला म्हणाला, "सांग, कंपनीमुळे तुला काय मिळालं?"

मी पाठ केलेलं बोललो नाही. मी म्हणालो, "जमीन आमची आहे. त्यात बाजरी लावायला बंदी आहे. दाणा कंपनीच्या दुकानातून विकत घ्यावा लागतो. आणि रोज संध्याकाळी फाटकावर माझ्या आईचं तोंड छडीने उघडून बघतात."

फार्मसाहेब अडखळला नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने शांतपणे इंग्रजीत सांगितलं. अध्यक्षाने ऐकलं, मान हलवली, माझ्याकडे पाहून हसला आणि लिहून घेतलं.

हसला. मी जे बोललो होतो त्यावर कोणी माणूस हसणार नाही.

अध्यक्षाने पट्टेवाल्याला खूण केली. पट्टेवाल्याने परातीतली मूठभर साखर घेतली आणि वरून माझ्या हातावर टाकली. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मी साखर घेऊन मांडवाच्या मागे गेलो. थोड्या वेळाने तोच पट्टेवाला तिथे विडी ओढायला आला. साहेबांबरोबर राहून त्याला थोडं इंग्रजी कळायचं. मी त्याला विचारलं, "साहेबांनी काय लिहिलं?"

"तुझंच म्हणणं की. जमीन तुमची, आईला रोज कंपनीच्या दुकानातलं धान्य मिळतं, असं म्हणालास ना? साहेब लई खूश झाले."

मी साखर मातीत टाकली.

माझ्या शब्दांतले अर्धे फार्मसाहेबाने नेले होते आणि उरलेल्या अर्ध्यांची साखर करून मला परत दिली होती. जकात राहणार होती आणि तिला माझी साक्ष लागणार होती. बोलून काही होणार नाही, हे मला तिथे कळलं. ते ज्या भाषेत ऐकतात ती त्यांच्याच माणसाच्या तोंडात आहे. त्यांना नुकसान पोचवायला हवं. नुकसानीला दुभाषा लागत नाही.

त्याच संध्याकाळी फाटकावर रांग लागली. कमिटीच्या मोटारी नाशिकच्या रस्त्याला लागल्या होत्या. फार्मसाहेब समाधानी दिसत होता.

"तोंड उघड."

मी उघडलं नाही.

"ऐकू येत नाही का? दुपारी तर चांगलं उघडलं होतंस."

छडी ओठावर आली. त्याने दाबली. दातावर आपटून ओठ फाटला. रक्त हनुवटीवर आलं. मी दात आवळून उभा राहिलो.

तात्या डबडं धरून कुजबुजला, "उघड रे बाबा. एवढ्यानं काय झिजतंय?"

माझ्यामागून माय म्हणाली, "माझंबी उघडायचं नाय आता."

तिच्या मागच्या बायांनी तोंडाला पदर लावला. कोणी ओरडलं नाही. सगळी रांग नुसती उभी. कुणब्यांच्या बाया झडती देऊन फाटकाबाहेर पडत होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि घरी गेल्या. एकीनेही आमच्या बाजूने शब्द काढला नाही. हेही लिहिणं भाग आहे.

फार्मसाहेबाने बराच वेळ वाट पाहिली. शेवटी छडी रुमालाने पुसली आणि मला व मायला म्हणाला, "आज जा. उद्या येऊ नका."

दुसऱ्या दिवशी मला आणि मायला फाटकातून आत घेतलं नाही. बाकीच्यांना घेतलं. आठवडा संपायच्या आत त्यांनी पुन्हा तोंडं उघडली होती. झडती न देणाऱ्याची मजुरी बुडत होती आणि चुली थंड पडल्या होत्या. मी आणि माय पिंपळगावकडच्या मळ्यांत कांदा काढायला जाऊ लागलो. लांब पडायचं, पण तिथे निघताना कोणी तोंडात पाहत नव्हतं.

पुढचा हंगाम सरला. जमिनीच्या कराराचं पाचवं वर्ष संपत आलं. नवा करार करायचा तर मायचा आणि तात्याचा, दोघांचे अंगठे लागणार होते. कंपनीने तात्याला आमच्या घरी पाठवलं. तो अंगणात बसला. अंगात कंपनीचा खाकी कोट.

"वैनी, खंड वाढवून देतो म्हणतोय साहेब. तुम्हाला कामावर परत घेतो. झडती बी बंद."

"समद्यांची?"

"तुमच्यापुरती."

"वा. म्हंजी बाकीच्यांची तोंडं उघडीच."

"तुमचं बघा की तुम्ही. नाय म्हणलात तर माझी नोकरी जाईल."

"पाणी वतायची नोकरी," माय म्हणाली. "भावाच्या बायकोला रोज थुंकाय लावता, भावजी. हात थरथरला नाय कधी?"

तात्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "थरथरला असता तर त्यांनी दुसरा ठिवला असता. तुमचं थुंकणं काय चुकलं असतं?"

मी म्हणालो, "तात्या, अंगठा देऊ नका. त्यांचा पाट आपल्या जमिनीतून जातो."

त्याला पाट माहीत होता, पण त्याचा असा विचार त्याने केला नव्हता. कालव्यापासून निघालेला कंपनीचा पाट आधी आमच्या तुकड्यातून जात होता आणि मग पलीकडच्या मोठ्या मळ्यात. त्या मळ्याला दुसरीकडून पाणी नव्हतं. करार संपला की पाटाखालची जमीन आमची. चैत्र-वैशाखात पाट बंद झाला तर पलीकडचा ऊस उभा राहणार नाही.

"कोर्टात नेतील," तात्या म्हणाला.

"नेऊ द्या. कोर्टाला वेळ लागतो. उसाला लागत नाही."

तात्याने होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दोन दिवसांनी तो बायकोला घेऊन येवल्याला सासरवाडीला निघून गेला आणि करार संपेपर्यंत आलाच नाही. त्याने आमची बाजू घेतली असं मी म्हणणार नाही. पण कंपनीला त्याचा अंगठा मिळाला नाही. मायने दिला नाही.

करार संपला त्या सकाळी मी फावडं घेऊन गेलो. पाट आमच्या तुकड्यातून पलीकडच्या मळ्यात उतरतो तिथे दगड रचले, वर चिखल थापला. मायने पाट्या भरून माती आणून दिली. पाणी तटलं आणि आमच्याच तुकड्यात पसरलं. दुपारी फार्मसाहेब आला. घोड्यावरून उतरला. आज हातात छडी नव्हती.

"हे काय करतो आहेस? पलीकडचा ऊस वाळेल."

"हो."

"तुमच्याच लोकांची मजुरी जाईल. तुमच्याच बायका तिथे काम करतात. एवढा तरी विचार कर."

"केला."

"तुझ्या आईची माफी मागतो. मग तर झालं?"

माय चिखलात उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाटी रिकामी केली आणि पुन्हा भरायला गेली.

"मी कालवा खात्याला लिहिणार. हा पाट सरकारी करून घेणार. मग काय करशील?"

"ते होईपर्यंत पुष्कळ दिवस आहेत, साहेब. तोवर तुमचा ऊस बघा."

तो गेला. पोलीस आले, पाहून गेले. कोर्टाचा कागद आला आहे. पलीकडच्या मळ्यात पानांच्या कडा करपल्या आहेत. आमच्या वाड्यातल्या बायांची तिथली खुरपणी बंद झाली. त्या माझ्या दारात येऊन मला शिव्या देतात. देऊ देत. त्यांचं पोट मी मारलं, हे खरं आहे. माय त्यांच्यासाठी भाकऱ्या थापते. सगळ्यांना पुरत नाहीत. तरीही मी पाट उघडलेला नाही.

आमच्या तुकड्यात आम्ही उसाची खोडं खणून काढली. मुळं खोल गेली होती. हात सोलले. बाजरी पेरायची आहे.

पण माझं काम तेवढ्यावर संपत नाही. कालव्याच्या खालच्या गावांतही कंपनीचे करार आहेत आणि त्यांचीही मुदत भरत आली आहे. तिथेही पाट कोणाच्या ना कोणाच्या जमिनीतून जातात. कोणाच्या, ते मी विचारत फिरतो. लोक घाबरतात. काही दारं लावून घेतात. मी परत जातो.

कमिटीने जकात कायम ठेवावी असं लिहिलं, असं ऐकतो. असेल. कंपनी टिकावी म्हणून सरकार आहे, कोर्ट आहे, कालवा खातं आहे. ती बुडावी म्हणून मी आहे. मला न्याय नको, वाढीव खंड नको, साहेबाची माफी नको. मला तो मळा मुळापासून वाळलेला पाहायचा आहे. त्यानंतर त्याच्या पलीकडचा.